राजा रविवर्मांनी छापखाना विकला आणि सोबत चित्रांचे हक्कही गेले

वसईच्या होळीत असो नाहीतर लोणावळ्याच्या बाजारात, जुन्या किराणा दुकानात गल्ल्याच्या वर एक लक्ष्मी टांगलेली असतेच. कमळावर उभी, चार हात, बाजूला हत्ती. खाली एखाद्या तेलाचं, मसाल्याचं नाहीतर पतपेढीचं नाव आणि त्याखाली बारा महिन्यांच्या तारखा.

या लक्ष्मीचं कूळ शोधत गेलं की बहुतेक वेळा आपण एकाच माणसापाशी पोहोचतो. राजा रविवर्मा. त्यांचं चित्र ठाऊक नाही असं घर महाराष्ट्रात सापडणं अवघड. पण या चित्रांच्या हक्कांचं पुढं काय झालं, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. आज इन्स्टावर चित्रं टाकणाऱ्या आणि एखाद्या ब्रँडचा मेसेज येण्याची वाट बघणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची गोष्ट आहे ही.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरचा. मामा राजराज वर्मा स्वतः चित्रकार. भाच्याचा हात त्यांनी ओळखला आणि वयाच्या चौदाव्या वर्षी त्याला तिरुवनंतपुरमला राजवाड्यात नेलं. तैलरंग तेव्हा आपल्याकडे नवीन होते. ते धडपडत, बघून बघून शिकले. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं आणि मग संस्थानिकांची बोलावणी सुरू झाली.

मराठी मुलखाशी खरं नातं जुळलं ते बडोद्यामुळं. सयाजीराव गायकवाडांनी १८८८ मध्ये त्यांना पुराणातल्या १४ प्रसंगांची चित्रं काढायचं काम दिलं. ही चित्रं बडोद्याच्या राजवाड्यात जाण्याआधी लोकांना बघायला ठेवली गेली आणि ती बघायला तोबा गर्दी झाली. त्यांच्या देवी-नायिका नऊवारीत दिसतात, त्यामागं मुंबई-बडोद्यातला हाच वावर आहे. पुढं गायिका अंजनीबाई मालपेकरांनीही त्यांच्या चित्रांसाठी बैठक दिली.

आता अडचण अशी की मूळ चित्र एकच असतं आणि ते राजवाड्यात जातं. ज्यांनी गर्दी केली त्यांच्या घरात काय लागणार? त्रावणकोर आणि बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव यांनी रविवर्मांना आधीच सुचवलं होतं की चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या. रविवर्मांनी पुढची उडी मारली. छापखानाच इथं आणला.

१८९४ मध्ये मुंबईत गोवर्धनदास खटाव मखनजी यांच्या भागीदारीत प्रेस सुरू झाला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. पहिलं चित्र छापलं ते शकुंतला जन्माचं. शिळाछपाईचं काम सोपं नव्हतं. चुनखडीच्या गुळगुळीत फरशीवर चित्र उलटं काढायचं, तेही प्रत्येक रंगासाठी वेगळ्या फरशीवर. मग एकाच कागदावर एकेक रंग चढवत जायचं. एक रंग केसभर सरकला की देवीच्या ओठांचा रंग गालावर.

चित्रं घराघरात गेली. मंदिरात शिरायलाही ज्यांना बंदी होती त्यांच्या झोपडीतसुद्धा देव आला. माझ्या मते रविवर्मांचं सगळ्यात मोठं काम हेच. त्यांची तैलचित्रं थोर आहेतच, पण ती किती जणांनी पाहिली?

धंदा मात्र बसेना. १८९६ पासून मुंबईत प्लेगनं थैमान घातलं. कामगार गावी पळाले. १८९९ च्या सुमारास प्रेस लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवला. आज आपण भाजे लेणी नाहीतर लोहगडाला जाताना लोकलमधून उतरतो, तेच मळवली. प्रेसचा कारभार धाकटे भाऊ सी. राजराज वर्मा बघत. तेही चित्रकार. दोघंही भाऊ वर्षातले कित्येक महिने राजेरजवाड्यांची कामं घेऊन देशभर फिरत आणि तिकडं कमावलेला पैसा प्रेसच्या कर्जात जाई. चित्र काढणं आणि चित्राचा धंदा करणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्यांना महागात कळलं.

शेवटी नव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत प्रेस विकला गेला. घेणारा कोण, तर प्रेसमध्येच कामाला असलेला जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर. या व्यवहाराच्या नोंदींमध्ये २५ हजार रुपये आणि ८९ चित्रं हे आकडे येतात. म्हणजे यंत्रं आणि दगड तर गेलेच, पण त्यासोबत चित्रं छापायचे हक्कही गेले.

इथं जरा थांबू, कारण खरी मेख इथं आहे.

एखादं चित्र विकणं, ते वापरायची परवानगी देणं आणि त्याचे हक्क कायमचे देऊन टाकणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बडोद्याला चित्र गेलं ती पहिली. श्लायशरला हक्क गेले ती तिसरी. मधली गोष्ट, म्हणजे लायसन्स, घरभाड्यासारखी असते. मालक तुम्हीच, फक्त समोरच्याला ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या मुदतीपुरतं वापरू द्यायचं. रविवर्मांना हा मधला रस्ता धरता आला असता का? अवघड होतं. हिंदुस्थानातला तेव्हाचा १८४७ चा कॉपीराइट कायदा पुस्तकांपुरता होता. चित्रांना नीट संरक्षण मिळालं ते १९१४ च्या कायद्यानं, तोवर रविवर्मा हयात नव्हते. आणि डोक्यावर कर्ज असलेला माणूस अटी कुठून घालणार?

श्लायशरनं मात्र धंदा ओळखला. देवादिकांच्या चित्रांसोबत त्यानं लेबलं आणि जाहिरातीची छपाई सुरू केली. पूर्वी चित्र हाच माल होता. आता चित्र दुसऱ्याच्या मालावर चिकटून जाऊ लागलं. रविवर्मांच्या देवी आणि त्यांच्या नकला कापडाच्या ठाणांवर, काडेपेट्यांवर, कॅलेंडरांवर दिसायला लागल्या. गिऱ्हाईकाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण सरस्वती ओळखता येत होती. परदेशी कंपन्यांनाही हे बरोबर समजलं. १९२८ च्या ग्राइप वॉटरच्या कॅलेंडरवर बाळकृष्ण आहे. ते चित्र आपल्या कोल्हापूरच्या एम. व्ही. धुरंधरांचं. १९३४ च्या सनलाइट साबणाच्या कॅलेंडरवर तर विष्णूच सूर्यप्रकाश घेऊन येतो.

याच मळवलीच्या प्रेसमध्ये दादासाहेब फाळक्यांनीही काम केलं, छपाईत हात बसवला आणि पुढं स्वतःचा छापखाना काढला. तो वेगळा लेखाचा विषय.

समजा, हाच व्यवहार आज झाला असता तर? १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. कुठल्या देशांत वापरायचं हे लिहिलं नसेल तर फक्त भारत. लायसन्सलाही हेच लागू. आणि हक्क विकले तरी चित्रावर स्वतःचं नाव सांगायचा आणि चित्राची नासधूस करून बदनामी होत असेल तर आक्षेप घ्यायचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो.

आणखी एक बारकावा. ब्रँडनं पैसे देऊन तुमच्याकडून नवं चित्र काढून घेतलं आणि करारात काहीच लिहिलं नाही, तर त्याचा पहिला मालक तो ब्रँड ठरू शकतो. पण तुमचं आधीच काढलेलं चित्र त्यांना आवडलं तर मालक तुम्ही, ते फक्त वापरायला मागतायत. म्हणून तयार चित्रासाठी बोलणी करताना पॅकेटवर की फक्त पोस्टला, किती महिने, कुठं कुठं, दुसऱ्या कुणाला देता येईल का, एवढं तरी मेसेजवर न ठेवता कागदावर आणावं.

प्रेस गेल्यावर रविवर्मांचे दिवस फार उरले नाहीत. १९०५ च्या जानेवारीत भाऊ राजराज गेला. आयुष्यभर जोडीनं प्रवास केलेला, एकाच कॅनव्हासवर हात चालवलेला भाऊ. त्या धक्क्यातून ते सावरले नाहीत. मधुमेहानं पोखरलं होतंच. २ ऑक्टोबर १९०६ ला किळिमानूरलाच त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्या चित्रांवरचा कॉपीराइट केव्हाच संपलाय. आज ती कुणीही वापरू शकतं, परवानगीची गरज नाही. चेन्नई सिल्क्सनं २००८ च्या सुमारास त्यांची ११ चित्रं विणून जवळपास ४० लाखांची साडी काढली. तिची गिनीज बुकात नोंद झाली. मूळ चित्रांचं मात्र उलट. १९७९ मध्ये ती राष्ट्रीय कलाठेवा ठरली, त्यामुळं देशाबाहेर विकता येत नाहीत.

आणि मळवलीचा प्रेस? श्लायशरच्या वारसदारांनी तो चालवत ठेवला होता. १९७२ मध्ये आग लागली आणि कारखाना खाक झाला. जुन्या मूळ छापील चित्रांपैकी कितीतरी त्यातच जळाली.