पाच रुपये जास्त मिळाले अन् हॉटेलातला स्वयंपाकी झाला तारामती. पडद्यावरची पहिली नायिका अण्णा साळुंके

नांदेड : माळेगावच्या खंडोबा यात्रेत तमाशाची गवळण सुरू झाली अन् मावशी आली की अख्खा तंबू हसतो. मावशी म्हणजे साडी नेसलेला गडी, हे लेकरांनाही ठाऊक असतं. पण आपल्या देशातल्या पहिल्या सिनेमाची नायिकासुद्धा एक गडीच होता, हे फार थोड्यांना माहीत आहे. त्यांचं नाव अण्णा साळुंके.

त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली मुंबईत दादरला 'राजा हरिश्चंद्र' करायला घेतला. सगळी जमवाजमव झाली, पण तारामतीच्या कामाला बाई मिळेना. सिनेमात काम करणं म्हणजे घराण्याची अब्रू घालवणं, असं लोक समजायचे. फाळके नाचगाण्याच्या वस्तीतही जाऊन आले. तिथूनही नकारच आला.

अण्णा तेव्हा ग्रँट रोडजवळच्या एका हॉटेलात स्वयंपाक करायचे. पगार महिना दहा रुपये. सडपातळ बांधा अन् नाजूक हात फाळक्यांच्या नजरेत भरले. त्यांनी पंधरा रुपये देऊ केले. पोटासाठी चुलीपुढं राबणाऱ्याला पाच रुपयांची वाढ म्हणजे निम्मा पगार जास्त. अण्णा तयार झाले.

बाईच्या वेशात मिशीची मोठी अडचण होती. बाप जिवंत असताना मिशी काढायची नाही, ही तेव्हाची रीत. फाळक्यांना नटांची बरीच समजूत घालावी लागली.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात सिनेमा लागला. चित्रपट मुका होता. पोरगा गेल्याचं तारामतीचं दुःख अण्णांना चेहऱ्यानं अन् हातवाऱ्यानंच दाखवायचं होतं.

त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत अन् त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या. बायकांसाठी वाट मोकळी झाली, तरी अण्णांचं काम थांबलं नाही. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम तेच अन् सीताही तेच. आपल्या सिनेमातली ही पहिली दुहेरी भूमिका. पडद्यावर राम दिसला की लोक पायातल्या चपला काढायचे, असं सांगतात. पाहणाऱ्यांना तो देवच वाटायचा; हॉटेलातला आचारी कुणाला दिसत नव्हता.

पुढं अण्णा कॅमेऱ्यामागं गेले अन् मूकपटांचं छायाचित्रण करू लागले. १९३१ साली 'आलम आरा' आला अन् मूकपटांचा जमाना सरत गेला.

फाळक्यांच्या नावानं आज देशातला मोठा पुरस्कार दिला जातो. अण्णांचं नाव मात्र मागं पडलं. 'राजा हरिश्चंद्र'चा थोडा भाग अजून शिल्लक आहे, मोबाईलवर पाहता येतो. त्यातल्या तारामतीकडं एकदा नीट बघा. जे काम करायला कुणीच धजत नव्हतं, ते या माणसानं केलं.