स्टेशनाला कादंबरीचं नाव

एडिंबरात येऊन आम्हाला आता आठ वर्षं झाली. पहिल्या दिवशी दोन मोठ्या बॅगा आणि कडेवर झोपलेली लेक घेऊन वेव्हर्ली स्टेशनवर उतरलो, तेव्हा वेव्हर्ली हे एखाद्या गावाचं नाहीतर लॉर्डचं नाव असणार, असंच मी धरून चालले होते. ते एका कादंबरीचं नाव आहे, हे बऱ्याच महिन्यांनी कळलं. पुणे स्टेशनला कुणी 'उषःकाल' नाव द्यावं, तसं!

स्टेशनातून वर आलं, की प्रिन्सेस स्ट्रीटवर काळा पडलेला दगडी मनोरा दिसतो. उंची दोनशे फूट, पायऱ्या २८७. त्याच्याखाली कुत्र्याला शेजारी घेऊन बसलेला संगमरवरी माणूस म्हणजे त्या कादंबरीचा लेखक, सर वॉल्टर स्कॉट. बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटेवरही तोच. इतकी वर्षं मी त्याच्यासमोरून बस पकडत होते आणि त्याचं एक पानही वाचलं नव्हतं.

वाचायला लागले ते लेकीमुळे. इथे जानेवारीत रॉबर्ट बर्न्स या कवीचा वाढदिवस शाळाशाळांतून साजरा होतो. मुलं स्कॉट्स बोलीतल्या कविता पाठ करतात आणि टार्टन, म्हणजे त्या चौकटीचौकटीच्या लोकरी कापडाचं काहीतरी अंगावर घालून येतात. वर्गातल्या कॅम्पबेलचं टार्टन हिरवं-निळं, स्ट्यूअर्टचं लाल. मग आपलं कुठलं, असं लेकीने जेवताना विचारलं. नवऱ्याने हसण्यावारी नेलं, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. कुळाला कापड लावून दिलं कुणी? शोधत गेले आणि पुन्हा स्टेशनासमोरच्या त्या माणसापाशीच येऊन पोचले.

स्कॉटचा जन्म एडिंबरातलाच, १५ ऑगस्ट १७७१ चा. तारीख आपल्याला विसरता येणार नाही अशी. वडील वकील, आई डॉक्टरकीच्या प्राध्यापकाची मुलगी. दीड वर्षाचा असताना पोराला ताप आला आणि उजवा पाय गेला. आज आपण त्याला पोलिओ म्हणू. हवापालट म्हणून त्याला आजोबांच्या शेतावर, इंग्लंडच्या सीमेजवळच्या डोंगराळ मुलखात पाठवलं. तिथे एक पडका बुरूज होता, मेंढरं होती आणि जेनी नावाची आत्या होती. ती त्याला लढायांची, गुरं पळवणाऱ्यांची, जुन्या वैरांची गाणी वाचून दाखवायची. लंगडा मुलगा अंगणात बसून ती गाणी मोठमोठ्याने म्हणत राही.

पुढे तो वकील झाला, त्या सीमाभागात सरकारी न्यायाधिकारीही झाला, पण लक्ष गाण्यांवरच. घोड्यावरून खेडीपाडी हिंडून, म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून त्याने ती गाणी उतरवून घेतली आणि १८०२ पासून छापली. यातला एक किस्सा मला फार आवडतो. जेम्स हॉग नावाच्या मेंढपाळ कवीच्या आईनेही त्याला गाणी म्हणून दाखवली होती. पुस्तक हातात आल्यावर तिने स्कॉटला चांगलंच फैलावर घेतलं. गाणी गाण्यासाठी असतात, छापून त्यांची वाट लावलीस, आता ती कुणी गाणार नाही, असं तिचं म्हणणं. आमच्या गावच्या जात्यावरच्या ओव्या टेपवर घ्यायला कॉलेजची मुलं आली, तेव्हा माझ्या आजीचा चेहरा असाच झाला होता. म्हातारीचं फारसं चुकलं नाही, असं मला वाटतं.

मग स्कॉट स्वतः दीर्घ काव्यं लिहू लागला. १८१० मध्ये 'द लेडी ऑफ द लेक' आलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. ज्या तळ्याकाठी ते घडतं, त्या लॉक कॅट्रिनकडे माणसांची रीघ लागली. आज आपण सिनेमाचं लोकेशन बघायला जातो, त्याची ही सुरुवात म्हणायला हरकत नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या स्वागताला जी धून वाजते, ती याच काव्यावरच्या नाटकातून आली. आणि याच काव्यात कुळातल्या लोकांना लढाईसाठी बोलावायला पेटवलेला क्रूस गावोगाव फिरवतात. तो शंभर वर्षांनी अमेरिकेत एका कादंबरीतून आणि तिच्यावरच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' या १९१५ च्या मूकपटातून थेट कू क्लक्स क्लॅनच्या हातात गेला. गोष्ट एकदा घरातून बाहेर पडली, की कुणाच्या दारात जाऊन उभी राहील याचा नेम नाही.

'वेव्हर्ली' आली १८१४ मध्ये, लेखकाच्या नावाशिवाय. वकिलाने कादंबऱ्या लिहिणं तेव्हा फारसं शोभून दिसत नसे. ही गोष्ट आहे १७४५ च्या बंडाची. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, म्हणजे हायलँड्सच्या, पुष्कळ कुळांनी जुन्या स्ट्यूअर्ट घराण्याच्या राजपुत्राला साथ दिली आणि १७४६ मध्ये कलोडनच्या मैदानावर ती चिरडली गेली. त्यानंतर सरकारने कायदाच केला, की तिथल्या पुरुषांनी किल्ट आणि टार्टन घालायचं नाही. ही बंदी १७८२ पर्यंत होती. दक्षिणेकडच्या, एडिंबरासारख्या सपाटीवरच्या लोकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांच्या लेखी डोंगरातले लोक म्हणजे गुरंचोर, वेगळी भाषा बोलणारे रानटी. किल्ट त्यांनी स्वतः कधी घातलाच नव्हता.

स्कॉटने केलं ते हे, की हरलेल्या माणसांची गोष्ट जिंकलेल्यांना आणि बघ्यांना प्रेमाने वाचायला लावली. बंड संपलेलं होतं, भीती उरली नव्हती. त्यामुळे त्या माणसांचं शौर्य, त्यांचं इमान, त्यांचं कापड आता सगळ्यांनाच आपलंसं वाटायला मोकळं होतं. पहिल्या हजार प्रती बघता बघता संपल्या. ऐतिहासिक कादंबरीचा जो साचा त्याने पाडला, तो युरोपभर गेला आणि आपल्याकडेही आला. बंकिमचंद्रांना बंगालचा स्कॉट म्हणत, आणि हरिभाऊ आपट्यांनी मावळे, गड आणि खलिते यांच्या कादंबऱ्या लिहिल्या त्या याच वाटेवरून.

१८१८ मध्ये आणखी एक गंमत झाली. स्कॉटलंड आणि इंग्लंडचं राज्य १७०७ मध्ये एक झालं, तेव्हा स्कॉटिश राजांचा मुकुट, राजदंड आणि तलवार एडिंबराच्या किल्ल्यात पेटीत बंद केली होती. ती आहे की गेली, हेही लोक विसरले होते. स्कॉटने परवानगी मिळवली, पेटी फोडली आणि सगळं जसंच्या तसं निघालं. आज रांग लावून आपण बघतो ते तेच.

पण खरा कार्यक्रम झाला १८२२ च्या ऑगस्टमध्ये. राजा चौथा जॉर्ज स्कॉटलंडला येणार होता. सुमारे १७० वर्षांत गादीवरचा एकही राजा इकडे फिरकला नव्हता, त्यामुळे काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळं स्कॉटवर सोपवलं. त्याने जेमतेम दोन-तीन आठवड्यांत दोन आठवड्यांचा सोहळा उभा केला. कुणी काय घालावं याची छापील पुस्तिका काढली. हायलँड्समधल्या सरदारांना आपापली माणसं शस्त्रं लावून घेऊन यायला सांगितलं. एडिंबरातले वकील आणि व्यापारी शिंप्यांकडे धावले आणि आपल्या आजीच्या माहेरी एखादं हायलँडर कूळ सापडतं का ते शोधू लागले. बॅनकबर्नच्या विणकरांना मागणी पुरवता येईना.

राजाचं जहाज लीथ बंदरात आलं तेव्हा धो धो पाऊस. स्कॉट होडीतून भेटायला गेला. राजाने व्हिस्की घेतली, त्या पेल्याची स्कॉटने आठवण म्हणून मागणी केली, कोटाच्या मागच्या खिशात जपून ठेवला आणि घरी येऊन पाहुण्याशी बोलायच्या नादात त्यावरच बसला. काचेचा चुरा! दुसऱ्या दिवशी, स्कॉटच्या वाढदिवशी, राजा किनाऱ्यावर उतरला. पुढे एका दरबारात तो लाल टार्टनचा किल्ट आणि आत कातडीच्या रंगाचे तंग चोळणे घालून उभा राहिला. त्या पोशाखाचं बिल तेराशे पौंडांच्या वर गेलं. व्यंगचित्रकारांची चंगळ झाली. स्कॉट स्वतः मात्र टार्टनची विजार घालून हिंडत होता.

नंतर हसायचं ते लोक हसले, पण काम झालं होतं. दोन पिढ्यांपूर्वी ज्या कापडासाठी तुरुंगात टाकत, ते साऱ्या देशाचं कापड झालं. डोंगरातल्यांचंही आणि त्यांना गुरंचोर म्हणणाऱ्यांचंही.

इथपर्यंत वाचताना मला मजा वाटत होती. मग पुढचं वाचलं. त्या मिरवणुकांत सगळ्यात ऐटीत मिरवणारा सरदार ग्लेनगॅरीचा मॅकडोनेल. 'वेव्हर्ली'तला सरदार त्याच्यावरूनच बेतला असं म्हणतात. त्याच्याच घराण्याच्या जमिनीवरून कुळं हलवली जात होती, कारण माणसांपेक्षा मेंढ्यांत पैसा जास्त होता. उत्तरेला सदरलंडमध्ये खोऱ्यांमागून खोरी रिकामी केली गेली, घरांची छपरं जाळली गेली. राजा आला त्याच्या आगेमागेच हे सगळं. माणसं कॅनडाच्या बोटीत चढत होती आणि त्यांचा पोशाख एडिंबरात दरबारी होत होता. स्कॉटला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याने याबद्दल हळहळ लिहून ठेवली आहे. पण जमीनदारांशी वाकडं घेण्याचा त्याचा पिंडच नव्हता. तो जुन्या वळणाचा, राजनिष्ठ माणूस.

इथे मला माझी आजी आठवली. कोयनेच्या खोऱ्यातली. नऊवारी हे तिचं रोजचं नेसू. चिखलात भात लावताना कासोटा वर खोचलेला. इथल्या गुढीपाडव्याच्या मिरवणुकीत मी नेसते ती शिवलेली नऊवारी, मागे चेन असलेली. नवरा तयार फेटा टोपीसारखा डोक्यावर बसवतो. गावी असताना दोघांनीही यातलं काही कधी घातलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर आई ती चेन बघून पोट धरून हसली. आजीचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा माणसं लांब लांब वसवली गेली. तिचे भाऊ परत कधी एका गावात राहिले नाहीत. त्या जलाशयाचं नाव शिवसागर. आजीने ते नाव कधी घेतलेलं मी ऐकलं नाही. ती नुसतं पाणी म्हणायची. मिरवणुकीत आम्ही घोषणा देतो, तेव्हा अंगावर काटा माझ्याही येतो. तो खोटा नसतो. पण यंदा फेटे बांधताना मला ग्लेनगॅरीची ती माणसं आठवत राहिली, एवढं खरं.

स्कॉटचे शेवटचे दिवस मात्र कुणालाही नमस्कार करावासा वाटेल असे. छापखान्यात त्याची गुपचूप भागीदारी होती. ॲबट्सफर्ड नावाचा गढीसारखा वाडा बांधण्यात पैसा ओतत राहिला होता. १८२६ च्या जानेवारीत प्रकाशक बुडाला आणि स्कॉटच्या डोक्यावर सुमारे १,२०,००० पौंडांचं कर्ज आलं. वय ५४. मे महिन्यात बायको गेली. दिवाळखोरी जाहीर करून सुटता आलं असतं. त्याने नकार दिला आणि लिहून फेडायचं ठरवलं. कादंबऱ्या लिहिल्या, नेपोलियनचं नऊ खंडी चरित्र लिहिलं. हैदरअलीच्या म्हैसूरपर्यंत जाणारी एक गोष्टही लिहिली, भारतात कधी पाऊल न टाकता. त्याच वर्षी लंडनच्या सरकारने छोट्या रकमेच्या नोटा बंद करायचं काढलं, तर स्वतः कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला हा माणूस टोपणनावाने वर्तमानपत्रात पत्रं लिहून स्कॉटलंडच्या एक पौंडाच्या नोटेसाठी भांडला. सरकारला माघार घ्यावी लागली. नोटेवर त्याचं चित्र का, याचं उत्तर हे.

१८३० पासून अर्धांगाचे झटके येऊ लागले तरी लिहिणं चालूच. २१ सप्टेंबर १८३२ ला ॲबट्सफर्डला तो गेला. उरलेलं कर्ज पुढे त्याच्या पुस्तकांच्या हक्कांतून फिटलं.

जाण्याआधी तीन वर्षं एक गोष्ट झाली होती. दोन भाऊ एक जुनं हस्तलिखित सापडल्याचं सांगत होते. त्यात म्हणे प्रत्येक घराण्याचं ठरलेलं टार्टन दिलेलं होतं, सपाटीवरच्या घराण्यांचंसुद्धा. स्कॉटने विश्वास ठेवला नाही. सपाटीवरचे लोक टार्टन कधी घालत नव्हते, हे त्याने स्पष्ट लिहून कळवलं. पण त्याचं ऐकतो कोण? त्याच्या मागे, १८४२ मध्ये, ते पुस्तक छापलं गेलं आणि त्यातली बरीच टार्टन आजही दुकानांत घराण्यांच्या नावाने विकली जातात.

शाळेच्या कार्यक्रमाच्या आदल्या शनिवारी लेकीला घेऊन रॉयल माइलवर गेले. दुकानातल्या पंजाबी काकांनी आडनाव विचारलं, कॉम्प्युटरवर बघितलं, मान हलवली. सिंग नावाचं नोंदलेलं टार्टन आहे, तुमचं अजून नाही, असं हिंदीत म्हणाले. लाल रॉयल स्ट्यूअर्ट कुणीही घालावं, असं सुचवलं. लेकीने ते बाजूला सारलं आणि एक जांभळा स्कार्फ उचलला. कुठल्या कुळाचा ते लेबल दोघींनीही वाचलं नाही. तिच्या बुटांना तो रंग जुळत होता.