नकला करून चित्रकला शिकलेली मेरी कॅसट पेस्टलपर्यंत कशी पोहोचली?

साल १८६६. चित्रकारच व्हायचं असं ठरवून अमेरिकेतली एक विशीतली मुलगी पॅरिसला आली. तिचं नाव मेरी कॅसट. पण तिथल्या सर्वांत नावाजलेल्या सरकारी कलाशाळेची, एकोल दे बोझारची, दारं तेव्हा स्त्रियांना बंद होती. ती उघडायला १८९७ साल उजाडावं लागलं.

मग शिकायचं कुठं?

मेरीनं ज्याँ-लेओं जेरोम या चित्रकाराकडे खासगी शिकवणी लावली आणि दुसरीकडे लूव्र संग्रहालय गाठलं. तिथं परवाना काढून जुन्या चित्रांसमोर बसायचं आणि त्यांची नक्कल करायची. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. चेहऱ्यावर उजेड कुठून पडलाय, गालाची गोलाई कुठं सावलीत वळते, कातडीच्या रंगात हिरवट झाक कुठं मिसळलीय, हे नुसतं बघून कळत नाही. हातानं पुन्हा काढावं लागतं, तेव्हा कळतं.

१८६८ मध्ये तिचं चित्र पॅरिसच्या प्रतिष्ठित सलों प्रदर्शनात लागलं. पण १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि तिला मायदेशी परतावं लागलं. वडिलांना हा व्यवसाय पसंत नव्हता. ते राहण्याखाण्याचा खर्च द्यायला तयार होते, रंगांचा नाही. चित्रं विकली जातील या आशेनं ती शिकागोला गेली, तर १८७१ च्या भीषण आगीत तिची काही चित्रं जळून गेली. चित्रकलाच सोडून द्यावी, इथवर तिची मनःस्थिती आली होती.

अशा वेळी तिला तारलं तेही नक्कल करण्याच्या कौशल्यानंच. पिट्सबर्गच्या बिशपनी तिला इटलीतल्या पार्मा शहरात जाऊन कोरेज्जोच्या दोन चित्रांच्या प्रती करायचं काम दिलं. प्रवासाचे पैसेही मिळाले. पार्मानंतर तिनं स्पेनमध्ये वेलास्केझची आणि हॉलंडमधल्या हार्लेममध्ये फ्रान्स हाल्सची चित्रं अभ्यासली.

पुढे पॅरिसमध्ये एका दुकानाच्या काचेआड तिला एडगर देगाची पेस्टल चित्रं दिसली आणि ती त्या काचेपाशी खिळून राहिली. १८७७ मध्ये देगानंच तिला इम्प्रेशनिस्ट चित्रकारांसोबत प्रदर्शन करायला बोलावलं. १८७९ च्या प्रदर्शनात ती त्यांच्यासोबत होती.

पेस्टल म्हणजे रंगाची पूड अगदी थोड्या डिंकात मळून केलेली कांडी. ती वाळायची वाट बघावी लागत नाही. काम कधीही थांबवता येतं, कधीही पुन्हा हाती घेता येतं. चुळबुळ करणाऱ्या लहान मुलांची चित्रं काढणाऱ्या मेरीला हे फार सोयीचं होतं. पण घाईत काढलेली रेघ नेमकी पडायची, तर हात आधीच तयार हवा. तो जुन्या चित्रांसमोर तयार झाला होता. १८९५ मध्ये तिनं मैत्रीण लुइझिन हॅवमायर आणि तिची मुलगी इलेक्ट्रा यांचं पेस्टलमध्ये काढलेलं व्यक्तिचित्र याच माध्यमातलं. तिची आई-मुलांची चित्रं पाहून अनेकांना इटलीतल्या मेरी आणि बाळ येशूच्या चित्रांची आठवण होते. मात्र तिच्या चित्रातली बाई देवता नाही. ती मुलाला न्हाऊ घालणारी, कडेवर घेणारी घरातलीच बाई आहे.

उतारवयात मेरीला मधुमेह आणि मोतीबिंदूनं गाठलं. शेवटच्या पेस्टल चित्रांत रेघा जाड आणि रंग भडक होत गेले. १९१४ च्या सुमारास नजर जवळजवळ गेल्यानं तिला काम थांबवावं लागलं. १९२६ मध्ये फ्रान्समध्येच तिचं निधन झालं.

हार्लेममध्ये केलेली हाल्सची नक्कल मात्र तिनं जपून ठेवली होती. भेटायला येणाऱ्या तरुण चित्रकारांना ती ते चित्र आवर्जून दाखवायची.