पॉल लांझव्हँ

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही; परंतु विहिरीत बुडी मारून दोन दगड एकमेकांवर आपटले, तर पलीकडे बुडी मारलेल्या सोबत्याला तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. पाण्यातून ध्वनी हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो. पाण्याच्या या गुणाचा कौशल्याने उपयोग करणारे थोर शास्त्रज्ञ म्हणजे पॉल लांझव्हँ.

त्यांचा जन्म 1872 साली पॅरिस येथे झाला. ते प्येर क्यूरी यांचे शिष्य. काही स्फटिकांवर दाब पडला की वीज उत्पन्न होते, हे क्यूरी बंधूंनी 1880 साली दाखविले होते. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या जहाजे बुडवू लागल्या, तेव्हा लांझव्हँ यांनी गुरूंचा तो शोध कामी आणला. पोलादी पत्र्यांमध्ये बसविलेले स्फटिक विजेने थरथरत आणि पाण्यात ध्वनी सोडीत; परतलेल्या प्रतिध्वनीच्या दाबाने पुन्हा वीज उत्पन्न होई. 1918 साली त्यांना पाणबुडीवरून परतलेला प्रतिध्वनी मिळाला.

ते जसे विद्वान, तसेच निर्भय होते. नाझी सत्तेला विरोध केल्यामुळे 1940 साली त्यांना कारावास घडला. 1946 साली ते निधन पावले.

आज जहाजांच्या गोंगाटामुळे देवमाशांना एकमेकांची साद ऐकू येणे कठीण झाले आहे. तो गोंगाट मोजणारी बहुतेक यंत्रे दाबापासून वीज निर्माण होण्याच्या त्याच तत्त्वावर चालतात. युद्धासाठी उपयोगात आणलेली विद्या आता जलचरांच्या रक्षणास साहाय्य करीत आहे.