विजेने रक्त निवडणारा शास्त्रज्ञ

कोयनानगरचे नाव घेतले की डोळ्यांपुढे धरण उभे राहते. सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पाणी पोफळीकडे उतरते आणि १९६२ पासून भूगर्भातील वीजगृहाची चक्रे फिरवते. त्या विजेवर कारखाने चालतात, घरे उजळतात. पण वीज अशी दांडगी कामेच करते असे नाही. सुपात धान्य पाखडून निवडावे, तसे डोळ्यांना न दिसणारे कण निवडण्याचे नाजूक कामही ती करते. तिच्याकडून हे काम नेमकेपणाने करवून घेतले स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी. त्यांच्या आयुष्यात एका दगडालाही मानाचे स्थान आहे, आणि त्या जातीचा दगड कोयनेच्या काळ्या कातळातही आढळतो.

टिसेलियस यांचा जन्म १० ऑगस्ट १९०२ रोजी स्टॉकहोम येथे झाला. १९०६ साली वडील वारले आणि आई मुलांना घेऊन गोथेनबर्गला राहायला गेली. तिथल्या शाळेत एका शिक्षकांनी आर्नेला रसायनशास्त्राची गोडी लावली. पुढे उप्साला विद्यापीठात शिकून १९२५ साली ते थिओडोर स्वेडबर्ग या नामवंत शास्त्रज्ञांचे साहाय्यक झाले.

गुरूंनी दिलेला विषय अवघड होता. प्रथिनांच्या कणांवर विद्युतभार असतो. द्रावणातून वीज सोडली की हे कण सरकू लागतात. ज्याचा भार आणि आकार वेगळा, त्याची चालही वेगळी. मग या चालीवरून प्रथिने ओळखता येतील का? १९३० साली टिसेलियस यांनी यावरच प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. पण त्यांचे स्वतःचे समाधान झाले नव्हते. विजेने द्रावण तापे, तापलेले द्रावण ढवळले जाई आणि वेगळे होऊ पाहणारे कण पुन्हा एकमेकांत मिसळत. प्रबंधाचे कौतुक झाले, तरी त्यांनी तो विषय बाजूला ठेवला.

मधल्या काळात त्यांनी हाती घेतला झिओलाइट हा खनिज स्फटिक. आपल्याकडे काळ्या कातळाच्या पोकळ्यांत पांढरे, चमकदार खडे सापडतात, त्यांत झिओलाइटचे अनेक प्रकार असतात. त्यातले पाणी काढून घेतले तरी स्फटिकाचा सांगाडा ढासळत नाही आणि पाणी पुन्हा आत शिरू शकते. ते कोणत्या गतीने शिरते, हे टिसेलियस यांनी प्रकाशाच्या साहाय्याने मोजले. या कामासाठी ते १९३४ साली अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. तिथे जीवरसायनाच्या अभ्यासकांशी गाठी पडल्या. प्रथिने वेगळी करण्याच्या चांगल्या पद्धतीची निकड किती आहे, हे त्यांना उमगले आणि सोडलेला विषय त्यांनी पुन्हा हाती घेतला.

या वेळी त्यांनी मुळावरच घाव घातला. चौकोनी छेदाची, इंग्रजी यू आकाराची नळी घेतली आणि द्रावण चार अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवले. या तापमानाजवळ थोड्या उष्णतेने पाण्याची घनता फारशी बदलत नाही, त्यामुळे ढवळाढवळ थांबली. रक्तद्रवातून अल्ब्युमिन आणि अल्फा, बीटा, गॅमा ग्लोब्युलिन असे घटक वेगळे दिसू लागले. एका नियतकालिकाने हा निबंध फार भौतिकशास्त्रीय म्हणून परत केला. तो १९३७ साली दुसरीकडे प्रसिद्ध झाला. १९४८ साली या आणि अधिशोषणावरील कामासाठी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २९ ऑक्टोबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाचे मोल आपल्या नंदुरबार, गडचिरोलीकडच्या आदिवासी कुटुंबांना विचारावे. तिथे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. या विकारातले हिमोग्लोबिन विजेच्या ओढीने वेगळ्या चालीने सरकते, हे १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिसेलियस यांच्याच पद्धतीने दाखवले. साध्या चाचणीत दोष आहे एवढेच कळते. माणूस रुग्ण आहे की नुसता वाहक, हे विजेची चाचणी सांगते. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी हे कळणे महत्त्वाचे.

टिसेलियस यांचे यंत्र खोली अडवून बसे. आता तेच काम काचेच्या किंवा प्लास्टिकच्या चिपवर, केसाएवढ्या बारीक वाटेत, रक्ताच्या एका थेंबावर काही मिनिटांत होऊ शकते. वाट बारीक असल्याने उष्णता चटकन निघून जाते. ज्या अडचणीने त्यांना छळले, ती आकार लहान केल्यानेच बरीचशी सुटली. विद्युतभार नसलेले कणही हलवता येतात. विजेचे क्षेत्र एकीकडे दाट आणि दुसरीकडे विरळ ठेवले की ते ओढले वा ढकलले जातात. हर्बर्ट पोल यांनी १९५१ साली या क्रियेला डायइलेक्ट्रोफोरेसिस हे नाव दिले आणि १९६६ साली सहकाऱ्यासह तिने जिवंत व मृत यीस्टपेशी वेगळ्या करून दाखवल्या.

देशात २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. अशी चिप स्वस्त होऊन दुर्गम पाड्यावरच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोचली, तर रक्ताचा नमुना जिल्ह्याच्या गावी पाठवून दिवस मोजत बसायला नको. लग्न ठरवायला बसलेल्या दोन्ही घरांना उत्तर त्याच दिवशी मिळेल.