भास्कराचार्य आणि मध्यमाहरण

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ.स. १११४) मधला. सह्याद्रीलगतचे विज्जडविड हे त्यांचे गाव, शांडिल्य हे गोत्र. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ ही त्याचीच अंगे मानली जातात. लीलावती ही त्यांची दुर्दैवी कन्या, ही कथा फैजीच्या १५८७ मधील फार्सी अनुवादामुळे रूढ झाली. तिला संस्कृत आधार नाही.

आचार्यांचा खरा स्वभाव ‘बीजगणिता’तील मध्यमाहरण-प्रकरणात दिसतो. अव्यक्ताच्या वर्गाच्या गुणकाची चौपट करून तिने दोन्ही पक्षांस गुणावे आणि अव्यक्ताच्या मूळ गुणकाचा वर्ग दोहोंकडे मिळवावा. म्हणजे एक पक्ष पूर्णवर्ग होतो, मधले पद लोपते आणि अपूर्णांकांची कटकटही उरत नाही. ही रीत आपली म्हणून सांगणे सहज शक्य असता भास्करांनी ती श्रीधराचार्यांच्या नावासह त्यांच्याच शब्दांत दिली. श्रीधरांचे अंकगणित उपलब्ध आहे, बीजगणित मात्र लुप्त झाले. त्यातील हा नियम आज आपल्या हाती आहे तो भास्करांच्या या प्रामाणिकपणामुळे. श्रीधर आणि पद्मनाभ यांच्या विस्तृत ग्रंथांचे सार आपण घेतल्याचेही ते ग्रंथान्ती सांगतात.

उदाहरणे मात्र कवीची आहेत. वानरांच्या कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात रमला, उरलेले १२ टेकडीवर दिसले. मांडणी केली असता अव्यक्ताच्या वर्गातून ६४ अव्यक्ते वजा जाऊन ऋण ७६८ येतात. चौपट करून ४०९६ मिळविले की उजवीकडे १०२४ राहतात, त्यांचे मूळ ३२. म्हणून वानर ४८ किंवा १६. दोन्ही उत्तरे त्यांनी स्वीकारली. दुसऱ्या उदाहरणात पंचमांशातून ३ वजा करून वर्ग केलेले वानर गुहेत जातात व १ फांदीवर दिसतो. तेथे ५० आणि ५ अशी उत्तरे येतात. पण ५ घेतल्यास वर्गापूर्वीची संख्या ऋण होते, आणि दृश्य वस्तूंची ऋण संख्या लोकांना पटत नाही म्हणून ते उत्तर त्यांनी टाकले. येथे गणिती लोकव्यवहारापुढे नमतो. ही मर्यादा म्हणावी की विवेक, याविषयी मतभेद संभवतो.

‘करणकुतूहल’ ही ११८३ मधील, उतारवयातील कृती. पुत्र लक्ष्मीधर यादव जैत्रपालाच्या आश्रयास गेला, नातू चांगदेव सिंघणाचा ज्योतिषी झाला. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चांगदेवाने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. तेथील शके ११२८ च्या शिलालेखात वंशप्रशस्ती संस्कृतात आहे. बाजारात ग्राहकांकडून राजाला मिळणारा करभाग मठास दिल्याची नोंद मात्र मराठीत आहे.