डॉ. आनंदीबाई जोशी

कोलकात्याच्या उत्तरेस हुगळीकाठी श्रीरामपूर आहे. हे अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर नव्हे. विल्यम कॅरी यांनी १८०५ साली जेथे मराठीचे व्याकरण छापले, ते हे श्रीरामपूर. तेथील कॉलेजच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सतरा वर्षांची एक मराठी स्त्री इंग्रजीत भाषण करावयास उभी राहिली. पोस्टखात्यातील गोपाळराव जोशी यांच्या त्या पत्नी, आनंदीबाई.

नवव्या वर्षी त्यांचा विवाह झाला, चौदाव्या वर्षी पुत्र झाला. तो अवघे दहा दिवस जगला. मातेचे इतके कोवळे वय हेच आज दिवस भरण्यापूर्वी प्रसूती होण्याच्या धोक्याचे एक चिन्ह मानतात. आठव्या महिन्यातील मूल जगत नाही, एवढे आपल्या प्राचीन वैद्यांनी लिहून ठेवले होते. परंतु तो प्रसंग कोणावर ओढवेल, हे आधी ओळखावे कसे? आज डॉक्टर प्रथम मागील बाळंतपणाविषयी विचारतात. पूर्वी सदतीस आठवड्यांच्या आत प्रसूती झाली होती काय, जुळे आहे काय, रक्त कमी आहे काय, लघवीत जंतुदोष आहे काय, हे पाहतात. सोनोग्राफीने गर्भाशयाच्या मुखाची लांबी मोजतात, कारण ती आखूड असल्यास धोका वाढतो. पण या सर्वांसाठी स्त्रीने आधी बोलले पाहिजे, तपासू दिले पाहिजे. पुरुष डॉक्टरांपुढे तेव्हाच्या स्त्रिया दुखणे अंगावरच काढीत. म्हणून स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, हेच आनंदीबाईंनी त्या सभेत मांडले.

आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परतू, हेही त्यांनी तेथे सांगितले. मिशनरी वाइल्डर यांनी साहाय्यासाठी धर्मांतराची अपेक्षा ठेवली होती; न्यू जर्सीच्या श्रीमती कार्पेंटर यांनी मात्र कोणतीही अट न घालता आपले घर उघडले. दोघेही ख्रिस्ती! वाचकांनीच तुलना करावी.

७ एप्रिल रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला आणि मार्च १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्रीविभाग आनंदीबाईंची वाट पाहत होता. क्षयाने त्यांना तेथवर पोहोचू दिले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आल्या आणि त्यांनी त्या आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या.